लष्करातील निर्लेखित वाहनांची नागरी नोंदणी : कायदा आणि अर्थकारण

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी एक जुनी 'जोंगा' विकत घेतली. डोंगरउतारावरच्या शेतीसाठी चारही चाकांना जोर देणारे वाहन त्यांना हवे होते. विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने ते वाहन लष्करी आगाराच्या लिलावात घेतले होते. लिलावातील माल उचलण्याच्या परवान्याची छायाप्रत आणि मुद्रांक कागदावरील विक्रीचा करार एवढी कागदपत्रे त्याने दिली. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने मात्र एकच प्रश्न विचारला : लष्करी अधिकाऱ्याने दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र कोठे आहे? ते कधी दिलेच गेले नव्हते, कारण आगाराने ते वाहन 'वाहन' म्हणून नव्हे, तर भंगाराच्या गटात विकले होते. दुरुस्तीवर बराच खर्च झाल्यानंतर ही गोष्ट उघड झाली. ती जोंगा पुढे निंबाच्या झाडाखाली उभी राहिली.

या व्यवहारात सैन्याचे काही चुकले नव्हते आणि परिवहन कार्यालयाने नियमच पाळला होता. तरीही एका कुटुंबाची बचत बुडाली. असे का घडते, हे समजून घेताना राज्यघटनेतील अधिकारविभागणी, मोटार वाहन कायदा, सार्वजनिक मालमत्तेची विल्हेवाट आणि माहितीचे अर्थशास्त्र या चार विषयांचा परस्परसंबंध लक्षात येतो. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना हे विषय सहसा स्वतंत्र प्रकरणांत वाचावे लागतात. प्रस्तुत लेखात एका वाहनाच्या निमित्ताने त्यांचा एकत्रित विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युद्ध संपले की सैन्याजवळ गरजेपेक्षा अधिक साहित्य उरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत 'विलीज' आणि 'फोर्ड' या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. युद्धानंतर त्यांतील असंख्य गाड्या नागरी वापरात आल्या. फिलिपिन्समध्ये अशा गाड्यांचे सांगाडे लांबवून 'जीपनी' हे सार्वजनिक वाहतुकीचे साधन तयार झाले. भारतातही युद्धोत्तर काळात लष्करी जीप आणि ट्रक चहामळ्यांपासून खाणींपर्यंत पोहोचले.

स्वातंत्र्यानंतर देशातच लष्करी वाहनांचे उत्पादन सुरू झाले. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याखाली जबलपूर येथे 'शक्तिमान' ट्रक बनू लागले. 'निसान पेट्रोल' या जपानी गाडीवर आधारलेल्या जोंगाच्या नावातच जबलपूर आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते तयार झाले. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. त्यानंतरच्या काळात मारुती जिप्सी हे सैन्याचे सर्वपरिचित हलके वाहन ठरले. ही वाहने ठराविक सेवाकाळानंतर किंवा दुरुस्ती परवडेनाशी झाल्यावर सेवेतून काढली जातात, म्हणजेच निर्लेखित होतात, आणि त्यांच्या विल्हेवाटीचा प्रश्न उभा राहतो.

एक वाहन, तीन सूच्या

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार देशाचे संरक्षण आणि सशस्त्र दले हे विषय संघसूचीत आहेत. यंत्रचालित वाहने आणि त्यांवरील कर आकारणीची तत्त्वे हा विषय समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे. रस्त्यावर वापरण्यायोग्य वाहनांवरील कर हा विषय राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकावर असून तो समवर्ती सूचीतील उपरोक्त नोंदीच्या अधीन आहे. सैन्यात असताना वाहन संघाच्या अधिकारक्षेत्रात असते. नागरिकाने ते विकत घेऊन रस्त्यावर आणायचे ठरविले, की नोंदणीसाठी केंद्रीय कायदा लागू होतो, त्याची अंमलबजावणी राज्याचे परिवहन खाते करते आणि करही राज्याच्या तिजोरीत जातो. एका यंत्रणेची फाईल बंद होऊन दुसऱ्या यंत्रणेची उघडते. या दोन फाईलींना जोडणारा दुवा तुटला, की वाहन अडकून पडते.

कलम ६० चा आशय

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. कलम ६० मध्ये संरक्षण दलांच्या वाहनांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. तिच्या तीन अटी अभ्यासकांनी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, वाहन केंद्र शासनाच्या मालकीचे किंवा त्याच्या अनन्य नियंत्रणाखाली असले पाहिजे. दुसरी, ते देशाच्या संरक्षणाशी संबंधित शासकीय कामासाठी वापरले जात असले पाहिजे. तिसरी, त्याचा कोणत्याही व्यापारी उपक्रमाशी संबंध नसावा. अशा वाहनाची नोंदणी केंद्राने अधिसूचित केलेला प्राधिकारी करतो. वर रोखलेला बाण आणि वर्ष दर्शविणारे दोन अंक असलेली लष्करी पाटी आपण पाहतो ती याच व्यवस्थेतील होय.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे ते कलम ६० चे पोटकलम ४. वाहन केंद्राच्या मालकीचे किंवा अनन्य नियंत्रणाखाली राहिले नाही, की त्यास कलम ३९ आणि ४० तत्काळ लागू होतात, असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ असा की, लष्करी नोंदणी खरेदीदाराकडे हस्तांतरित होत नाही, ती संपते. जुनी मोटार विकताना नोंदणी पुस्तकावरील नाव बदलते, तसे येथे होत नाही. निर्लेखित लष्करी वाहन कितीही जुने असले, तरी नागरी नोंदणीच्या दृष्टीने त्याचा जन्म नव्याने व्हावा लागतो.

कागदपत्रांची साखळी

ही नवी नोंदणी कशी होते, ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ सांगतो. अर्ज नमुना २० मध्ये करावयाचा असतो. वाहन नवे आहे, माजी लष्करी आहे की आयात केलेले आहे, हे त्यात नमूद करावे लागते. अर्जासोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. नव्या वाहनाच्या बाबतीत ते उत्पादक किंवा विक्रेता देतो. लष्करी लिलावातील वाहनाच्या बाबतीत ते संरक्षण विभागाचा अधिकारी देतो आणि ते मूळ स्वरूपातच सादर करावे लागते. याखेरीज विम्याचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि विहित शुल्क आवश्यक असते. आगार एका राज्यात आणि खरेदीदार दुसऱ्या राज्यात असेल, तर वाहन चालवत नेण्यासाठी कलम ४३ खालील तात्पुरती नोंदणी उपयोगी पडते.

यानंतर मोटार वाहन निरीक्षक वाहनावरील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदांवरील क्रमांकांशी पडताळून पाहतो. लष्करी कार्यशाळेत इंजिन बदलले गेलेले असू शकते. तशी नोंद विक्री प्रमाणपत्रात नसेल, तर येथेच अडचण येते. कलम ४५ नुसार वाहन चोरीचे असल्याचा सबळ संशय असेल, ते यांत्रिकदृष्ट्या सदोष असेल किंवा पूर्वीच्या नोंदणीचा तपशील चुकीचा असेल, तर नोंदणी नाकारता येते. मात्र नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात.

नोंदणी टाळून वाहन गावातल्या गावात चालविण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. नोंदणीविना वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविणे हा विमा कराराच्या मूलभूत अटींचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मधील एका निर्णयात म्हटले आहे. म्हणजे अपघात झाला, तर वाहनाचे नुकसान मालकाच्याच पदरी पडते.

रस्त्यासाठीची पात्रता

कागद पुरे झाले, तरी वाहन नागरी नियमांत बसले पाहिजे. नियम १२१ नुसार संरक्षण विभागाच्या वाहनाव्यतिरिक्त कोणत्याही वाहनास ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. त्यामुळे खरेदीदाराचे पहिले काम रंग बदलण्याचे असते. सैन्याची ओळख ही सुरक्षेची बाब आहे आणि तिची नक्कल होऊ नये, हा त्यामागील उद्देश होय. महायुद्धकालीन अमेरिकी जीपचे सुकाणू डाव्या बाजूस असे. कलम १२० नुसार असे वाहन चालू स्थितीतील विहित संकेत साधनाविना सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही.

बदल करण्यावरही मर्यादा आहेत. कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. पूर्वी जोंगामध्ये दुसरेच डिझेल इंजिन बसविण्याचा प्रघात होता. आज तो मार्ग सहजपणे खुला नाही. नागरी वाहनाच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी घेण्याची तरतूद नियम १२६ मध्ये आहे. संरक्षण संशोधन संस्थेची अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील वाहन प्रयोगशाळा ही अशा संस्थांपैकी एक आहे. एकाच संस्थेकडे लष्करी आणि नागरी अशा दोन्ही वाहनांचे ज्ञान असल्याचे हे उदाहरण धोरणाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

अतिशय जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये वेगळी वाट निर्माण झाली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'विंटेज' म्हणून नोंदविता येते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे वैध असते. मात्र असे वाहन प्रदर्शन, संशोधन, विंटेज फेरी, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणता येते. संग्राहकाची सोय यातून होते, शेतकऱ्याची होत नाही.

लिलावाचे अर्थशास्त्र

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार जी वस्तू विभागाच्या उपयोगाची राहिली नाही, ती अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी म्हणून कारणे नोंदवून घोषित करता येते. ठराविक मर्यादेपेक्षा अधिक अवशिष्ट मूल्य असल्यास जाहीर निविदा किंवा लिलाव करावा लागतो. १९६४ मध्ये स्थापन झालेली 'एमएसटीसी' ही सार्वजनिक कंपनी शासकीय विभागांसाठी असे ई-लिलाव करते. लिलाव पारदर्शक झाला, म्हणजे योग्य किंमत मिळाली, असे आपण गृहीत धरतो. ते पुरेसे नाही. नेमके काय विकले जात आहे, हे स्पष्ट नसेल, तर पारदर्शक लिलावातही चुकीची किंमत निघते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दुरुस्त व नोंदणीकृत वाहनाचे मूल्य २,००,००० रुपये, भंगाराचे मूल्य ६०,००० रुपये आणि दुरुस्तीचा खर्च ५०,००० रुपये आहे. नोंदणीची खात्री असेल, तर खरेदीदार १,५०,००० रुपयांपर्यंत बोली लावील. नोंदणीची शक्यता निम्मीच असेल, तर अपेक्षित मूल्य १,३०,००० रुपये होते. दुरुस्ती तपासणीपूर्वीच करावी लागत असल्याने तो खर्च वजा जाता बोली ८०,००० रुपयांवर थांबते. केवळ अनिश्चिततेपोटी तिजोरीचे ७०,००० रुपये बुडतात.

याहून गंभीर बाब पुढे आहे. समजा, २०,००० रुपयांत बनावट कागद करून नोंदणी मिळविणारा एखादा बोलीदार त्याच लिलावात आहे. त्याला १,३०,००० रुपयांपर्यंत बोली परवडते. प्रामाणिक खरेदीदार ८०,००० रुपयांवर थांबलेला असतो, म्हणून त्याहून किंचित अधिक बोली लावूनच तो वाहन मिळवितो. नोंदणीची हमी असलेल्या लिलावात मात्र त्याचा हा लाभ संपूर्णपणे नाहीसा होतो, कारण तेथे प्रामाणिक माणूस १,५०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असममित माहितीचा सिद्धांत मांडला. २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या उदाहरणात माहितीच्या अभावी निकृष्ट मोटारी चांगल्या मोटारींना बाजारातून हुसकावतात. येथे धूसर कागद प्रामाणिक खरेदीदाराला हुसकावतात.

ही भीती केवळ पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' ही मोहीम राबविली. नुमखोर म्हणजे भूतानच्या जोंगखा भाषेत वाहन. भूतानच्या सैन्याने सेवेतून काढलेली वाहने सीमेपलीकडून आणून, भारतीय सैन्य आणि परदेशी दूतावास यांच्या नावे बनावट कागदपत्रे तयार करून त्यांची नोंदणी करण्यात आली, असा विभागाचा आरोप आहे. अशा प्रकरणांनंतर परिवहन कार्यालये प्रत्येक माजी लष्करी वाहनाकडे संशयाने पाहू लागतात. म्हणजे बनावट कागदाची किंमत अखेर खऱ्या कागदाच्या धारकाला मोजावी लागते.

पुनर्वापर की भंगार?

गेल्या काही वर्षांत धोरणाचा कल भंगाराकडे झुकला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम अधिसूचित झाले. शासकीय संस्थांनी कालबाह्य, अतिरिक्त किंवा दुरुस्तीस न परवडणारी म्हणून घोषित करून भंगारासाठी दिलेली वाहने या केंद्रांकडे जाऊ शकतात. जानेवारी २०२३ मध्ये नियम ५२अ अधिसूचित होऊन तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार शासकीय वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र पंधरा वर्षांनंतर संपुष्टात येते आणि त्याची विल्हेवाट अशा केंद्रामार्फतच लावावी लागते. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी कार्यवाहीत वापरल्या जाणाऱ्या चिलखती व अन्य विशेष वाहनांना मात्र यातून वगळले आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याचे समर्थन बाह्य परिणामांच्या आधारे करता येते. जुन्या वाहनाचा धूर आणि त्याच्या सदोष ब्रेकमुळे होणारा अपघात यांची झळ मालकापेक्षा इतरांना अधिक बसते. आपल्या उदाहरणात दुरुस्तीखर्च वजा जाता रस्त्यावरील वापराचे मूल्य १,५०,००० आणि भंगाराचे ६०,००० रुपये होते. वाहनाच्या उर्वरित आयुष्यातील सामाजिक खर्च या दोहोंतील ९०,००० रुपयांच्या फरकाहून अधिक असेल, तर भंगार हा योग्य निर्णय ठरतो. कमी असेल, तर उपयुक्त वाहन मोडणे ही राष्ट्रीय साधनसंपत्तीची हानी होय.

हा निर्णय केवळ वयावर घेणे पुरेसे नाही. साठ्यात ठेवलेले लष्करी वाहन वयाने जुने असूनही फार थोडे चाललेले असू शकते. उलट, उंच डोंगराळ भागात राबलेले वाहन कमी वयातच थकलेले असते. यासाठी वयाबरोबरच प्रत्यक्ष चाचणीला महत्त्व दिले पाहिजे.

काय करता येईल?

वरील विवेचनावरून तीन उपाय सुचतात. पहिला, निर्लेखनाच्या वेळीच प्रत्येक वाहनाचे 'रस्त्यायोग्य' किंवा 'भंगार' असे निःसंदिग्ध वर्गीकरण व्हावे आणि लिलावाच्या सूचनेत प्रत्येक चॅसिस क्रमांकापुढे ते छापले जावे. त्यासाठी लष्करी वाहनांची जाण असलेल्या प्रयोगशाळांचे साहाय्य घेता येईल. दुसरा, रस्त्यायोग्य वाहनासोबत नमुना २१ मधील प्रमाणपत्र वाहन ताब्यात देतानाच मिळावे आणि त्याची नोंद विक्री करणाऱ्या आगाराने थेट 'वाहन' या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत करावी. मग बनावट कागदाला वावच उरणार नाही. तिसरा, भंगार गटातील वाहनाचा चॅसिस क्रमांक आगाराच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच नष्ट व्हावा किंवा ते वाहन थेट नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जावे.

या उपायांसाठी नव्या कायद्याची गरज नाही. संरक्षण खाते, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय आणि राज्यांची परिवहन खाती यांच्यात माहितीची देवाणघेवाण झाली, तरी पुष्कळ साध्य होईल. तोपर्यंत खरेदीदाराने एक साधा नियम पाळावा : मूळ नमुना २१ हाती आल्याशिवाय आणि त्यावरील क्रमांक स्वतः पडताळल्याशिवाय दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च करू नये.

निंबाखालच्या त्या जोंगाचे मोल इंजिनात होते, पोलादात होते. परंतु बाजारात ते ठरले एका कागदाने. सार्वजनिक मालमत्ता विकताना शासन वस्तूबरोबर तिचा कायदेशीर दर्जाही विकत असते. तो दर्जा स्पष्ट सांगणे हे विक्रेता म्हणून शासनाचे कर्तव्य आहे, आणि तिजोरीच्या हिताचेही आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६० मधील तीन अटी सांगून पोटकलम ४ चे महत्त्व स्पष्ट करा.

२. वाहनविषयक अधिकारांची संघ, समवर्ती आणि राज्य सूचीतील विभागणी विशद करा.

३. असममित माहितीमुळे शासकीय लिलावातील किंमत व खरेदीदारांची निवड यांवर कोणते परिणाम होतात, ते उदाहरणासह लिहा.

४. 'शासकीय वाहनांची विल्हेवाट केवळ वयाच्या निकषावर लावणे योग्य नाही.' बाह्य परिणामांच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.